चित्र ‘घेणे’ आणि ‘काढून घेणे’

कलाव्यवहाराचा विचार बहुधा सौंदर्यशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या अंगाने केला जातो. परंतु चित्रकार आणि ग्राहक समोरासमोर येतात तेव्हा प्रथम घडते ते संभाषण होय, आणि चित्रकाराच्या पदरी काय पडावे हे पुष्कळ अंशी त्या संभाषणातील शब्दांवर ठरते. पनवेल येथे भरलेल्या एका स्थानिक कलामहोत्सवात परिचयाच्या एका चित्रकाराच्या स्टॉलवर मी दोन दिवस बसलो होतो. तेथे कानी पडलेल्या काही शब्दप्रयोगांचे विवेचन येथे करावयाचे आहे.

चित्रे जलरंगातील होती : कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका, वडाळे तलावाचा काठ, जुन्या पनवेलमधील कौलारू घरे. कर्नाळ्याच्या चित्राची किंमत साडेतीन हजार रुपये लिहिली होती. एका गृहस्थांनी विचारले, “काका, याला वेळ किती लागला?” चित्रकाराने सरळपणे सांगितले, “तीन तास.” “मग तीन तासांचे साडेतीन हजार?” या प्रश्नावर चित्रकार निरुत्तर झाला. दुपार टळली तरी भवानी झालेली नव्हती. अखेरीस ते चित्र त्याने दोन हजारांस दिले.

या संवादात काय घडले? मराठीत या अर्थक्षेत्रात निदान चार शब्द वावरतात. ‘दाम’ हा शब्द ‘द्रम्म’ यापासून आला असून त्याचे मूळ ग्रीक ‘द्राख्मे’ या नाण्याच्या नावात आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत द्रम्म येतात. दाम म्हणजे मोजून दिलेले नाणे. ‘मोल’ हे संस्कृत ‘मूल्य’ शब्दाचे तद्भव रूप होय. ‘अनमोल’ या शब्दात त्याचा मूळ अर्थ टिकून आहे; पण ‘मोलमजुरी’, ‘मोलकरीण’ या शब्दांत तो श्रमाच्या मोबदल्यापुरता संकोचला आहे. ‘मूल्य’ हे तत्सम रूप ‘जीवनमूल्ये’, ‘वाङ्मयीन मूल्य’ अशा विद्वद्भाषेतील प्रयोगांत स्थिरावले. अरबीतून फारसीच्या द्वारे आलेला ‘किंमत’ हा शब्द मात्र दोन्हीकडे चालतो. भाजीची किंमत असते, तशी माणसालाही किंमत असते अथवा नसते.

चित्रकाराने पाटीवर ‘किंमत’ लिहिली ती मूल्याच्या अर्थाने. गृहस्थांनी ती वाचली मोलाच्या अर्थाने. वेळेचा प्रश्न विचारताच व्यवहार मजुरीच्या क्षेत्रात गेला, आणि ‘तीन तास’ या उत्तराने चित्रकाराने ते क्षेत्र मान्य केले. 1878 मध्ये लंडनच्या न्यायालयात व्हिसलर या चित्रकारास, समीक्षक रस्किनवर त्याने लावलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात, याच जातीचा प्रश्न विचारला गेला होता. मोबदला दोन दिवसांच्या कामाचा नसून जन्मभर मिळविलेल्या ज्ञानाचा आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. दावा त्याने जिंकला. परंतु भरपाई मिळाली ती केवळ एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. योग्य शब्द सापडला म्हणून योग्य दाम मिळतोच असे नाही, हेही येथे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या दिवशीचा प्रसंग अधिक महत्त्वाचा आहे. एका व्यावसायिकाने वडाळे तलावाचे चित्र घेतले आणि म्हटले, “आमच्या जुन्या घराचेही असेच एक काढून द्या.” चित्रकाराने महिन्याभरात ते काढून दिले. पुढे त्या व्यावसायिकाच्या दिनदर्शिकेवर दोन्ही चित्रे छापून आली. “मी तर दोन कागद विकले होते,” असे चित्रकार मला म्हणाला.

दोन्ही व्यवहार त्याला एकच वाटले होते. भाषेने मात्र त्यांत भेद केला होता. तलावाचे चित्र ग्राहकाने ‘घेतले’, घराचे चित्र त्याने ‘काढून घेतले’. पहिल्या प्रयोगात चित्र आधीच अस्तित्वात आहे. केवळ वस्तू हस्तांतरित होते. दुसऱ्यात ‘घेणे’ हे सहायक क्रियापद होते आणि चित्र काढण्याच्या क्रियेचा प्रवर्तक ग्राहक ठरतो.

1957 चा प्रताधिकार कायदा, म्हणजेच कॉपीराइटचा कायदा, नेमका हाच भेद करतो. तयार चित्र विकल्याने त्याच्या प्रती छापण्याचा हक्क विकला जात नाही. त्यासाठी चित्रकाराच्या सहीचा लेख लागतो. परंतु एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र काढले, तर विरुद्ध करार नसल्यास 17 व्या कलमान्वये प्रताधिकाराचा प्रथम स्वामी ते काढून घेणारा ठरतो. (नोकरीत असताना केलेल्या कामाचे नियम निराळे आहेत.) म्हणजे तलावाचे चित्र छापणे हा हक्कभंग होता, घराचे छापणे हा नव्हता. कर्ता म्हणून नाव मागण्याचा चित्रकाराचा हक्क मात्र 57 व्या कलमाने दोन्ही चित्रांबाबत अबाधित राहतो. ‘प्रताधिकार चित्रकाराकडे राहील’ एवढे एक वाक्य दोघांच्या सहीने कागदावर असते, तर घराच्या चित्राचा हक्कही त्याच्याकडेच राहिला असता.

‘त्याने चित्रकाराकडून चित्र काढून घेतले’ या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात : सांगून करविले, आणि हातून हिरावले. व्याकरणाच्या वर्गात हे वाक्य द्व्यर्थकतेचे उदाहरण म्हणून देता येईल. स्टॉलवर बसलेल्या चित्रकाराने त्याचे दोन्ही अर्थ आधीच जाणून असावेत.