पापड-बिबड्यांचा धंदा आणि आमची उधारी

खानदेश म्हटले की बाहेरच्या व्यापाऱ्याला दोनच जिन्नस आठवतात, कापूस आणि केळी. पण जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत आणखी एक कारोबार चालतो, ज्याची मार्केट यार्डात कधी बोली लागत नाही. तो चालतो घराच्या गच्चीवर, अंगणात आणि ओट्यावर. बिबडे, उडदाचे आणि नागलीचे पापड, कुरडया, शेवया, काळा मसाला, लोणची, केळीचे वेफर्स, लहान बेकऱ्यांतील खारी आणि टोस्ट हा सगळा माल याच कारोबारातला. तो करणारे बहुतेक लोक म्हणजे घरातल्या बायका, बचत गट आणि चार-पाच माणसांची कारखानदारी. आमच्या मोहल्ल्यांतही शेवया आणि पापडांवर मुलांची शिक्षणे पार पाडणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत.

या मालाची तारीफ सगळेच करतात. पण तारीफेने डाळीची गोणी घरात येत नाही. आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, खाण्याच्या धंद्यातले जाणकार नव्हे. तरीही रोख आणि उधार यांचा हिशेब आम्हाला चांगला कळतो, आणि या छोट्या उत्पादकांचे मरण-जगणे त्याच हिशेबात अडकले आहे. म्हणून व्यापारी बंधूंसमोर हा विषय मांडत आहोत.

माल कसा बनतो

ज्याला भाव ठरवायचा आहे त्याने आधी मेहनत जाणून घ्यावी. बिबड्यांचेच पाहा. ज्वारी दोन-तीन दिवस भिजत घालतात, ती आंबली की भरडून-दळून घेतात. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात तीळ, लसूण, जिरे, मिरची आणि मीठ घालतात आणि पीठ वैरून घट्ट शिजवतात. हे काम पहाटेच सुरू करावे लागते, कारण ऊन चढेपर्यंत सगळे थापून झाले पाहिजे. मग ओल्या सुती कापडावर पाण्याच्या हाताने गरम गरम बिबडे थापतात. वाळल्यावर कापड उलटे करून मागून पाणी शिंपडतात, तेव्हा ते सुटून येतात, आणि पुन्हा उन्हात कडक वाळवतात. जुने मऊ धोतर यासाठी सर्वांत चांगले. कापड जाड असेल तर बिबडे सुटत नाहीत, तुटतात.

कुरड्यांसाठी गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, चीक काढायचा, शिजवायचा आणि सोऱ्यातून पाडायचा. उडदाच्या पापडाचे पीठ कुटून कुटून मऊ करावे लागते, मग लाटण्याचे काम. एवढे करून वैशाखात अवकाळी पावसाची एक सर आली तर दोन दिवसांची मेहनत आणि माल दोन्ही वाया जातात.

दहा आठवड्यांचा हिशेब

या धंद्याची मुख्य गोष्ट अशी की तो उन्हाचा धंदा आहे. फाल्गुन संपता संपता सुरू होतो आणि मृगाच्या आधी आटोपतो. खरे काम धरले तर साधारण दहा आठवडे. बाकीचे वर्ष या दहा आठवड्यांच्या कमाईवर काढायचे असते.

आता एक साधा हिशेब करू. समजा, एका भगिनीजवळ 5,000 रुपये भांडवल आहे. त्यात ती डाळ, तिखट, तेल आणते, दोन बायकांना मजुरी देते आणि आठवड्यात माल तयार करते. तो माल दुकानदाराला 6,000 रुपयांना जातो. खर्च वजा जाता तिला 1,000 रुपये राहतात. दुकानदाराने माल घेताच रोख दिली, तर तेच भांडवल दुसऱ्या आठवड्यात पुन्हा कामाला लागते. दहा आठवड्यांत दहा खेपा होतात आणि हाती 10,000 रुपये येतात.

दुकानदार म्हणाला, "महिन्याने या." तर पहिल्या खेपेचे पैसे पाचव्या आठवड्याच्या शेवटी येतील. सहाव्या आठवड्यात ती दुसरी खेप काढेल, तिचे पैसे दहाव्या आठवड्यात. तोवर हंगाम संपला. दोन खेपा, 2,000 रुपये. कडक ऊन असूनही ती आठ आठवडे हात बांधून बसली, कारण तिचे भांडवल दुकानदाराच्या गल्ल्यात होते.

इथे कोणी कोणाला फसवले नाही. भाव ठरल्याप्रमाणे दिला, पैसेही बुडवले नाहीत. केवळ उशीर झाला. त्या उशिराची किंमत 8,000 रुपये. आणि "विकले तर पैसे, नाही विकले तर माल परत" असा सौदा असेल तर तुटलेले पापडही तिच्याच पदरात पडतात.

दुकानदाराची अडचण आम्हाला ठाऊक आहे. माल उन्हाळ्यात घ्यायचा आणि पावसाळाभर विकायचा, तोवर पैसा अडकून राहतो. पण यातूनही रस्ता निघतो. रोखीच्या बदल्यात दुकानदाराने शेकडा तीन रुपये कमी भाव दिला असे धरा. एका खेपेमागे 180 रुपये, दहा खेपांचे 1,800. तरी त्या भगिनीला 8,200 रुपये सुटतात, म्हणजे उधारीच्या चौपट. दुकानदारालाही माल स्वस्त पडला. भाव पाडून घेण्यापेक्षा रोख देऊन सवलत घेणे दोघांच्या फायद्याचे आहे, फक्त ते आधी बोलून ठरवावे.

लिज्जतपासून घेण्यासारखा धडा

लिज्जत पापडाची हकीकत सर्वांना माहीत आहे. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतली. लोक त्या सात बायकांची आठवण काढतात आणि ते योग्यच आहे. आम्हाला मात्र त्या व्यापाऱ्याचीही आठवण येते. त्याने चार पाकिटे ठेवून घेतली नसती तर पाचवे पाकीट कोणी लाटले असते? पुढे या संस्थेत लाटणाऱ्या बहिणींना लाटणावळ रोजच्या रोज देण्याची पद्धत पडली. धंदा वाढण्याचे एक मोठे कारण आम्हाला त्यातच दिसते.

आपल्या खानदेशातही उदाहरण आहे. अमळनेर येथे 1945 साली महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. आज जगभर नाव असलेली विप्रो कंपनी त्यातूनच उभी राहिली. प्रत्येक पापडवालीने कंपनी काढावी असे आमचे म्हणणे नाही. पण खाण्याच्या जिनसांचा धंदा हलका समजणाऱ्याने अमळनेर आठवावे.

कायदा काय सांगतो

2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. 1 एप्रिल 2024 पासून आयकरातही 43-ब (एच) हे कलम लागू झाले. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षीच मिळतो. कापड बाजारात त्या साली केवढी धावपळ झाली ते आमच्या बंधूंना आठवत असेल. आपल्याला माल देणाऱ्या गिरणीवाल्याला जो कायदा लागू होतो, तोच उद्यम नोंदणी असलेल्या पापडवालीलाही लागू होतो. फरक इतकाच की गिरणीवाला नोटीस पाठवतो आणि ही भगिनी दुकानाच्या पायरीवरून मुकाट्याने परत जाते.

नाव कोणाचे?

दुसरा प्रश्न नावाचा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या तूरडाळीलाही त्याच साली मिळाले. याचा अर्थ असा की त्या मुलखाबाहेरचा माल त्या नावाने विकता येत नाही. आयर्लंड देशात वॉटरफर्ड या शहराचा "ब्ला" नावाचा एक साधा पाव आहे, वरून पीठ भुरभुरलेला, सकाळी न्याहारीला खातात. 2013 साली युरोपीय संघाने त्याला असेच संरक्षण दिले. आता त्या भागातले बेकरीवालेच ते नाव वापरू शकतात. बेकरीचा साधा पाव, पण गावाने त्याची इज्जत ठेवली.

आपल्याकडे काय होते? भगिनीने केलेला माल सुटा येतो, दुकानाच्या पिशवीत भरला जातो आणि दुकानाच्या नावाने विकला जातो. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी "त्या दुकानातले बिबडे" मागते. करणारीचे नाव पुसले गेले की तिला भाव मागण्याचा आधार उरत नाही. पाकिटावर तिचे किंवा गटाचे नाव आणि गाव छापले तर दुकानदाराचे काही जात नाही.

कागदपत्रे

उत्पादकांनीही आपली बाजू पक्की करावी. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांनी वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली, फी वर्षाला 100 रुपये. नोंदणीचा 14 अंकी क्रमांक, मालाचे नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, टिकण्याची मुदत आणि पत्ता पाकिटावर असावा. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर मोफत होते, त्यासाठी कोणा दलालाला पैसे देऊ नयेत. पापडावर जीएसटी नाही, आणि पाकीटबंद शेव-फरसाणावरील कर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना जून 2020 मध्ये सुरू झाली. तिच्यात यंत्रसामग्रीच्या प्रकल्पाला 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान ठेवले, आणि बचत गटाच्या सदस्याला 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवल. अर्ज करण्याआधी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात चालू नियम विचारून घ्यावेत. मात्र अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेले आहे. ज्यांना व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही अशा आमच्या भगिनींना तर दुकानदाराने वेळेवर दिलेली रोख हेच भांडवल.

आपण काय करावे

1. किराणा आणि बेकरी मालाच्या व्यापाऱ्यांनी हंगामापूर्वीच दोन-चार उत्पादकांशी वजन आणि भाव ठरवावा. माल घेताना अर्धी रक्कम, उरलेली सात दिवसांत.

2. माल घेताना तपासून घ्यावा. आपल्या दुकानात तुटला तर नुकसान आपले.

3. ज्यांचा धंदा खाण्याचा नाही, त्यांनी ईद-दिवाळीला नोकरांना आणि गिऱ्हाइकांना द्यायच्या भेटीत या मालाची पाकिटे घ्यावीत. शंभर पाकिटांची रोख ऑर्डर म्हणजे एका घराचा महिना.

4. उत्पादकांनी वजन पूर्ण द्यावे, माल कडक वाळवावा, ओला माल दडपून देऊ नये. एकदा बुरशी निघाली की दुकानदार पुन्हा उभे करत नाही.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळाली आहे. ज्या भगिनीचा माल उन्हात वाळून आपल्या दुकानात येतो, तिच्या बाबतीत ती पाळणे अवघड नाही. येत्या हंगामात वहीत तिच्या नावाचे पान उघडण्याऐवजी गल्ला उघडावा, एवढीच व्यापारी बंधूंना विनंती. बरकत त्यातच आहे.