शेगडा तुटला, तो कोपरा

नांदगाव खंडेश्वरला खरिपाच्या तोंडावर ज्याच्या घरी शेगडा, म्हणजे बेंच व्हाइस असतो, त्याच्या पडवीत डवऱ्याची पास, फवारणी पंपाचा दांडा, मोटारीचं बेअरिंग असं काहीबाही येऊन पडतं. मृगाच्या आधी वाकलेली पास सरळ करताना आमचा स्वस्तातला चार इंची व्हाइस तुटला. दांड्यावर पाइप चढवून आवळला होता, वरून घणाचे घाव. सरकता जबडा बुडापासून ताडकन निघाला.

तुटलेल्या जागी बोट फिरवलं, तर बोट काळं झालं, पेन्सिलीचं शिसं लागावं तसं. ते ग्राफाइटच होतं. स्वस्त व्हाइस राखाडी बिडाचे असतात. बिडात तीन-चार टक्के कार्बन असतो आणि ओतीव निवताना त्यातला बराचसा ग्राफाइटचे पापुद्रे होऊन बसतो. हे पापुद्रे म्हणजे धातूत जन्मजात असलेल्या चिराच. दाबलं की त्या मिटतात, ताणलं की उघडतात. म्हणून बीड ताणाच्या तिप्पट-चौपट दाब सोसतं.

पण व्हाइस तर दाबायचंच काम करतो! खरं आहे, मात्र पकडलेली वस्तू जबड्याला वरच्या टोकाशी बाहेर रेटते आणि स्क्रू त्याला खालून आत ओढतो. जबडा वाकू पाहतो. सगळा ताण येतो तो आतल्या बाजूला, बुडाच्या कोपऱ्यात. आमची भेग तिथूनच निघाली होती.

आता पाइपचा हिशेब पाहा. दांडा वीस सेंटिमीटरवर धरून एक फेरा दिला, तर हात सव्वाशे सेंटिमीटर फिरतो आणि स्क्रू जेमतेम 5 मिलिमीटर सरकतो. म्हणजे जोर अडीचशेपट. आट्यांच्या घर्षणात त्यातला बहुतेक जातो (त्याच घर्षणामुळे आवळलेला व्हाइस आपोआप सैल होत नाही). पाचवा हिस्सा हाती लागला, तरी 15 किलोच्या जोराचे 750 किलो होतात. पाइपने दांडा दुप्पट केला की दीड टन. त्यावर घण!

वेल्डिंगचा मोह आवरला. बीड एकदम तापून झटपट निवलं, की जोडाशेजारी काचेसारखं कडक होतं आणि पुन्हा तडकतं.

नवा घेताना थोडे जास्त पैसे घालून एसजी आयर्नचा घेतला. 1943 साली अमेरिकेत कीथ मिलिस यांनी वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम घातलं, तेव्हा ग्राफाइटच्या पापुद्र्यांऐवजी गोळ्या झाल्या. गोळीला चिरेसारखं धारदार टोक नसतं, म्हणून हे बीड तुटण्याआधी थोडं वाकतं. दुकानातच जबडे मिटवून उजेडासमोर धरले; फट दोन्हीकडे सारखी दिसली. सरकता जबडा अर्धा उघडून हलवला, फार डुगडुगला नाही.

घरी आणल्यावर पूर्ण उघडला, तर आट्यांत साच्याची रेती. रॉकेलने धुतली. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ तेलाला चिकटते आणि तेलाचा पॉलिशपेपर होतो. त्यामुळे ग्रीस फक्त खालच्या, झाकलेल्या स्क्रूला. उघड्या भागावर तेलाचा बोळा फिरवून कोरडं फडकं. पावसाळ्यात मात्र दर आठवड्याला. काम संपलं की जबडे सैल ठेवतो. पास आता ऐरणीवरच सरळ होते.

जुन्याचा स्क्रू आणि नट शाबूत निघाले. ते ग्रीस लावून डब्यात ठेवलेत.