टँकरचं पाणी आणि एपीआय

(सूस येथे एका सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

समोर निम्मे लोक हिंजवडीत काम करणारे दिसतायत आणि उरलेले बहुतेक त्यांचे आईवडील. दोघांनाही कळेल असं बोलायचा प्रयत्न करतो.

आजचा विषय आहे सोशल वेब ॲप्लिकेशन, विजेट आणि मॅशअप. शब्द भारदस्त आहेत, पण गोष्ट आपल्या घरातली घेऊ. ३० जून २०२१ ला आणखी २२ गावांबरोबर सूस पुणे महापालिकेत आलं. गाव शहरात गेलं, पण टँकर काही गेले नाहीत. (हशा) तर समजा, आपल्याला सोसायटीसाठी एक छोटं पान बनवायचंय. आज किती टँकर आले, पुढचा कुठपर्यंत आलाय, आणि रहिवाशांना 'पाणी आलं' किंवा 'नाही आलं' असं कळवता यावं, एवढंच.

यात तीन गोष्टी एकत्र येतात: कोणाचा तरी नकाशा, आपल्या टँकरची नोंदवही आणि लोकांनी दिलेली माहिती. वेगवेगळ्या ठिकाणची माहिती एका पानावर आणून तिसरीच उपयोगी गोष्ट तयार करणं म्हणजे मॅशअप. हेच पान लहान चौकटीत सोसायटीच्या वेबसाइटवर बसवलं, की झालं विजेट. आणि रहिवासी त्यात स्वतः भर घालू लागले, एकमेकांची नोंद पाहू लागले, की ते सोशल ॲप्लिकेशन.

मॅशअपचा गाजलेला पहिला नमुना २००५ चा. त्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स आलं. बाहेरच्या प्रोग्रामरना ते वापरण्याची अधिकृत सोय तेव्हा नव्हती. पॉल राडेमाकर या प्रोग्रामरने त्याचा कोड उलगडून पाहिला आणि क्रेगलिस्टवरच्या घरांच्या जाहिराती नकाशावर मांडल्या. तेच हाउसिंगमॅप्स. गूगलने त्याला अडवलं नाही. उलट त्याच वर्षी जूनमध्ये अधिकृत एपीआय खुला केला. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागण्याची ठरलेली खिडकी. या खिडकीवर अमुक पद्धतीने मागा, अमुक स्वरूपात मिळेल.

आता मुख्य मुद्दा. एपीआय हा टँकर आहे, विहीर नाही. येतोय तोवर उत्तम. पण तो कधी येणार, किती पैसे घेणार आणि कधी बंद होणार, हे आपल्या हातात नसतं.

उदाहरणं बघा. माहितीचे प्रवाह जोडून मॅशअप बनवायचं सोपं साधन म्हणजे याहू पाइप्स. ते २००७ ला आलं, २०१५ ला बंद झालं. आयगूगलच्या पानावर लोक हौसेने विजेट लावायचे, ते १ नोव्हेंबर २०१३ ला संपलं. ऑर्कुटवर आपल्या मराठी कम्युनिट्या होत्या, ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. गूगल मॅप्सला २०१८ पासून बिलिंग खातं जोडणं सक्तीचं झालं. ट्विटरने २०२३ मध्ये एपीआयची जुनी फुकट सोय काढून घेतली. प्रत्येक वेळी त्यावर उभी असलेली कितीतरी छोटी ॲप्स एका रात्रीत कोरडी पडली.

मग वापरूच नये का? वापरावं, पण साठवणाची टाकी आपली ठेवावी. आपल्या उदाहरणात टँकरची नोंद हा जीव आहे. ती आपल्या डेटाबेसमध्ये राहील आणि रोज रात्री तिची साधी सीएसव्ही प्रत निघेल. नकाशा उसना चालेल. तो ओपनस्ट्रीटमॅपचा घ्या, लीफलेट या लायब्ररीने पानावर दाखवा, आणि ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय कोपऱ्यात लिहा. ती त्यांची अट आहे. बाहेरच्या सेवेशी बोलणारा कोड एकाच फाइलमध्ये ठेवा, म्हणजे उद्या सेवा बदलली तर एकच फाइल बदलावी लागेल. आणि परीक्षा काय? इंटरनेटवरचा नकाशा मुद्दाम बंद करून पाहा. नकाशा गेला तरी टँकरची यादी दिसलीच पाहिजे.

एक नेहमीची चूक सांगतो. सूस साधारण १८.५५ अक्षांश आणि ७३.७५ रेखांशावर आहे. लीफलेटला अक्षांश आधी लागतो, पण जिओजेसन या प्रमाणित स्वरूपात रेखांश आधी लिहितात. क्रम उलटा झाला, की आपला टँकर थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात, बेअर बेटाजवळ दिसतो. (हशा) तिथे पाणी भरपूर आहे, पण आपल्या उपयोगाचं नाही.

विजेटबद्दल थोडं. दुसऱ्याचं विजेट पानावर घ्यायचे दोन मार्ग आहेत. स्क्रिप्ट म्हणून घेतलं, तर पाहुण्याला सगळ्या घराच्या किल्ल्या दिल्यासारखं होतं. पानावरचं सगळं त्याला वाचता येतं, बदलताही येतं. आयफ्रेममध्ये घेतलं, तर पाहुणा ओसरीवर बसतो. अनोळखी विजेट नेहमी ओसरीवरच बसवा.

आता सगळ्यात नाजूक भाग, माणसांची माहिती. २००७ मध्ये फेसबुकने बाहेरच्या डेव्हलपरना दार उघडलं. पुढे एका प्रश्नमंजुषेच्या ॲपमधून केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण झालं, ते २०१८ मध्ये उजेडात आलं. फेसबुकनेच दिलेला आकडा ऐका. भारतात ते ॲप ३३५ जणांनी घेतलं होतं, पण माहिती गेली असावी अशांची संख्या होती ५,६२,४५५. कारण ॲप घेणाऱ्याबरोबर त्याच्या मित्रांचीही माहिती मिळत होती. त्या मित्रांना कोणी विचारलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आपलं तर टँकरचं पान! पण विचार करा. 'फ्लॅट ३०४, चार दिवस पाणी वापरलं नाही' अशी नोंद सर्वांना दिसली, तर घर बंद आहे हे चोरालाही कळलं. म्हणून प्रत्येक रकान्याला विचारा: हा नसेल तर काम अडेल का? मोबाइल नंबर नको, विंगचं नाव पुरे. तक्रार कोणी केली हे समितीपुरतं ठेवा, इतरांना फक्त 'बी विंग, पाणी नाही' एवढंच दिसू दे. तीस दिवसांनी फ्लॅटवार नोंद पुसा, एकूण आकडा ठेवा. जी माहिती घेतलीच नाही ती चोरीला जात नाही.

(एका श्रोत्या काकूंनी विचारलं, "हे सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतंच की, वेगळं पान कशाला?")

चांगला प्रश्न विचारलात काकू. 'टँकर आला हो' हे सांगायला ग्रुपसारखं दुसरं काही नाही, तो चालूच राहू दे. पण वार्षिक सभेत कोणी विचारलं, 'वर्षभरात किती टँकर आले, बिल बरोबर आहे का?', तर शुभ सकाळच्या फुलांमधून वर सरकत कोण मोजणार? (हशा) नोंद मोजता आली तर भांडण आकड्यावर होतं, माणसांवर होत नाही. आणि ज्यांना ॲप नको, त्यांच्यासाठी त्याच नोंदीची प्रिंट रोज नोटीस बोर्डावर लावा. तेही आपल्या ॲपचंच एक विजेट समजा.