सवलतीच्या यादीत कोण?

गिरण्यांच्या या गावात बोनसची यादी म्हणजे काय, हे मी सांगायला नको. नाव गळले की रक्कम बाजूला राहते आणि भांडण यादीवरून सुरू होते. राष्ट्रांचेही तसेच आहे.

1968 साली दिल्लीत संयुक्त राष्ट्रांची व्यापारपरिषद भरली. गरीब देशांच्या मालावर श्रीमंतांनी जकात कमी घ्यावी, बदल्यात काही मागू नये, भेदभाव करू नये, असे तीत ठरले. युरोपने 1971 पासून सवलत दिली. पुढे अमली पदार्थांशी झगडणाऱ्या देशांना जादा सूट मिळाली. 2002 मध्ये त्यांत पाकिस्तान आला. बारा नावे, आणि यादी बंद! त्यांचे कापड बिनजकात, आपले जकात भरून. भारताने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. एप्रिल 2004 चा निकाल मला फार पटतो : गरज वेगळी असेल तर वागणूकही वेगळी चालेल, पण कसोटी उघड हवी, आणि तिला उतरेल त्या प्रत्येकाला दार मोकळे हवे.

युरोपने मग नव्या योजनेत कामगारहक्कांचे करार स्वीकारण्याची अट घातली. कामगारांचा माणूस म्हणून मला ती अट खुपत नाही. खुपते ते हे, की ती पाळली की नाही हे ठरवणारा पुन्हा गिऱ्हाईकच! अमेरिकेने तर 5 जून 2019 पासून भारताची सवलतच काढली. कारण दिले, भारताच्या बाजारात त्यांच्या मालाला पुरेसा वाव नाही. म्हणजे बदला मागितलाच.