स्तंभांचा क्रम आणि आकड्यांचा अर्थ

सन २०११च्या जनगणनेत दिल्ली केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या १,६७,८७,९४१ भरली. तीत पुरुष ८९,८७,३२६ व स्त्रिया ७८,००,६१५ होत्या. हे आकडे ‘एकूण, पुरुष, स्त्रिया’ अशा तीन स्तंभांच्या कोष्टकात संगणकात साठविलेले आहेत, असे समजू.

एखाद्या अभ्यासकास स्त्रियांचा स्तंभ आधी हवा असेल, तर कोष्टक नव्याने लिहिण्याचे कारण नाही. संगणकाकडे माहिती मागण्याची एसक्यूएल नावाची भाषा आहे. तीत ‘सिलेक्ट’ या शब्दापुढे स्तंभांची नावे ज्या क्रमाने लिहावी, त्याच क्रमाने उत्तर मिळते. मूळ कोष्टक जसेच्या तसे राहते. नावांऐवजी तारकाचिन्ह लिहिल्यास सर्व स्तंभ मूळ क्रमाने येतात.

या सोयीमागील विचार एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. स्तंभाची ओळख स्थानावरून नव्हे, तर नावावरून व्हावी, असा त्याचा आशय आहे.

त्याचा विसर पडल्यास काय होते? दुसरा स्तंभ पुरुषांचाच, असे धरून चालणाऱ्या हिशेबास क्रम बदललेले उत्तर दिले, तर दर हजार पुरुषांमागे ८६८ स्त्रिया या खऱ्या प्रमाणाऐवजी ११५२ हा आकडा येतो. एकूण बेरीज तीच राहत असल्याने ताळा जुळतो आणि चूक झाकली जाते. स्त्रियांची संख्या जेथे कमी, तेथेच ती अधिक दिसू लागते.

म्हणून क्रम सोयीप्रमाणे बदलावा. पण प्रत्येक आकडा नावानिशी मागावा व नावानिशीच वाचावा.