सरकीच्या तंतूतून चष्म्याची चौकट

शिंदखेड्याच्या बाजारपेठेत कापसाचा व्यवहार करणाऱ्यास सरकीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. परंतु जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूचे उंची चष्म्याशी नाते आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मा जन्मास आला. कानावर टेकणाऱ्या काड्या आल्या त्या अठराव्या शतकात. श्रीमंतांनी या साधनाचा दागिना केला. मोगलकालीन मानल्या जाणाऱ्या दोन चष्म्यांत तर काचेऐवजी एकात हिऱ्याची व दुसऱ्यात पाचूची भिंगे आहेत. २०२१ मध्ये ते लंडनला सोदबीजच्या लिलावात मांडले गेले.

चौकटीसाठी मात्र दीर्घकाळ सर्वाधिक प्रतिष्ठा होती ती कासवाच्या कवचाला. हॉक्सबिल या समुद्री कासवाचे खवले उष्णतेने व दाबाने सांधून कारागीर तपकिरी-पिवळ्या छटांची चौकट घडवीत. ही शोभा एका पंचेंद्रिय जीवाच्या प्राणांवर उभी होती. पुढे हे कासव दुर्मीळ झाले आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली.

त्याची जागा घेतली सेल्युलोज ॲसिटेटने. लाकडाचा लगदा किंवा सरकीवरील आखूड तंतू यांवर रासायनिक प्रक्रिया करून हा पदार्थ मिळतो. इटलीतील मात्झुकेल्ली ही १८४९ ची पेढी आरंभी कंगवे व बटणे बनवी. आज ती ॲसिटेटच्या तक्त्यांसाठी प्रसिद्ध आहे. असा तक्ता कापून आकार काढायचा, भिंगासाठी आतून खाच पाडायची, बिजागऱ्या बसवायच्या, कानशीने कडा गोल करायच्या, मग झिलई द्यायची. शेवटी काड्या उबवून ग्राहकाच्या कानामागे बरोबर वळवायच्या. उत्तम चौकटीची किंमत असते ती या हातांच्या धीराची.

आजही काही महागड्या चौकटी म्हशीच्या शिंगाच्या असतात आणि डबी चामड्याची. दुरून पाहता शिंग व ॲसिटेट यांतील भेद सहज कळत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी भावाआधी पदार्थ विचारावा. आपल्या घराण्यांना मालाची पारख नवी नाही. ज्या चष्म्यातून स्वाध्यायाचा ग्रंथ वाचायचा, त्याच्या चौकटीत कोणाची हिंसा नसावी, एवढा विवेक प्रत्येक घराला सहज पाळता येण्याजोगा आहे.