इंजिन चालू, झोप बंद!

डिसेंबरची थंडी. दौलताबादजवळच्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा. सातवीच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपलेली आम्ही बावीस पोरं. पहाटेचे पाच वाजले आणि खिडकीबाहेर एक काळी-पिवळी जीप खडखड करत चालू झाली. चालू झाली ती चालूच राहिली... दहा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस मिनिटं! एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर, आदल्या दिवशी दिवसभर बंधाऱ्यावर दगड वाहिलेले. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे शब्द निघतात ते मॅगझिनमध्ये छापता येत नाहीत.

पहिल्या दिवशी आम्ही खिडकीतून ओरडलो. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एका शूरवीराने रात्रीच जीपच्या चाकांखाली दगड लावून ठेवले. सकाळी गावातले चार लोक शाळेत आले आणि सरांना आमच्या वतीने माफी मागावी लागली. गावाची सेवा करायला आलो होतो आणि गावाशी भांडण घेऊन बसलो! तिसऱ्या दिवशी मी मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप लावलं आणि पुरावा म्हणून सरांना दाखवलं. आकडा आला ५०. सर म्हणाले, "अरे, एवढा आवाज तर आपल्या स्टाफरूममध्येही असतो!"

खरी गंमत इथेच आहे. कागदावर गणित मांडलं की कळतं. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक डिझेल इंजिन उभ्या गाडीत साधारण ७५० आरपीएमवर फिरतं. एका फेऱ्यात दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला २५. मूळ आवाज २५ हर्ट्झचा, त्याच्यावर ५०, ७५, १०० हर्ट्झचे मजले. कायद्यातलं मोजमाप डेसिबल (ए) मध्ये असतं. हे 'ए' प्रकरण कमी फ्रिक्वेन्सी मुद्दामच कमी धरतं : ५० हर्ट्झला जवळजवळ ३० डेसिबल आणि २५ हर्ट्झला तब्बल ४५ डेसिबल वजा! मोबाइलचा माइकही खालचे सूर नीट पकडत नाही. त्यामुळे आकडा साधा दिसतो आणि छाती मात्र धडधडते.

शिवाय हा आवाज अडवणंही अवघड. भिंतीची आवाज रोखायची ताकद फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की ढोबळमानाने ६ डेसिबलने घटते. म्हणून खिडकी लावली तर डिझेलची वरची टकटक कमी होते, पण घुर्र घुर्र आत येतेच. कापसाचे बोळे कानात घालूनही तेच. २५ हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेतेरा मीटर आहे, तिला तुमचा बोळा काय अडवणार?

हॉस्टेलवाल्यांसाठी एक कामाची गोष्ट. खोलीची लांबी ३.४ मीटरच्या आसपास असेल (आपल्या बऱ्याच खोल्या असतात), तर ती ५० हर्ट्झला घुमते. तेव्हा सर्वांत जास्त आवाज भिंतीलगत आणि कोपऱ्यात, सर्वांत कमी मधोमध. आपण सगळे उशी कोपऱ्यात ठेवून झोपतो! पलंग भिंतीपासून मीटरभर पुढे ओढून बघा. रूममेट वेडा म्हणेल, म्हणू दे.

असो. चौथ्या दिवशी मी पहाटे उठून स्टीलच्या तांब्यात मेसचा चहा घेऊन जीपपाशी गेलो. चालक साठीच्या घरातले चाचा. मफलर गुंडाळून बॉनेटवर हात शेकत उभे होते. मी म्हटलं, "चाचा, गाडी जरा बंद ठेवली तर?" ते म्हणाले, "बंद करा तो फिर चालू नै होती, बेटा."

बॅटरी उतरलेली, दोन हीटर प्लग गेलेले. थंडीत सेल्फ मारला की इंजिन नुसतं कण्हतं. म्हणून एकदा कशीबशी चालू झाली की शहरात पोचेपर्यंत बंद करायची नाही. वर त्यांचा समज असा, की उभी राहून बॅटरी चार्ज होते. होते, पण अगदी थोडी. कमी आरपीएमवर अल्टरनेटर फारसा करंट देतच नाही. दुसरं कारण मला कधीच सुचलं नसतं. बंद गाडीत सवारी बसत नाही! इंजिन चालू दिसलं की लोकांना वाटतं आता सुटणार, मग दूधवाले, मजूर, शहरात शिकणारी पोरं भराभर येऊन बसतात. आमच्या झोपेचा शत्रू असलेला तो आवाज म्हणजे चाचांची घंटा होती.

तुघलकाने १३२७ साली दिल्लीहून अख्खी राजधानी इथे हलवली. आम्हाला तर एक जीप तीस मीटर हलवायची होती! शाळेपुढून रस्ता पाराकडे उतरतो. तिथे रात्री जीप तोंड खाली करून लावायची, चाकाला दगड (हा मात्र परवानगीचा), आणि सकाळी उतारावर सोडून सेकंड गिअरला क्लच सोडायचा. सेल्फची गरजच नाही. सवाऱ्यांनाही पार सोयीचा निघाला, कारण बसायला कट्टा आहे. आमच्या खिडकीपासून जीप चार मीटरवर होती ती बत्तीसवर गेली. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने कमी होतो. चारचे आठ, आठचे सोळा, सोळाचे बत्तीस, म्हणजे १८ डेसिबल. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. सायलेन्सरच्या जॉइंटची पॅकिंग फुटली होती. ती चाचांनी शहरातून आणली आणि मेकॅनिकलच्या दोघांनी दुपारी बसवून दिली. शेवटच्या दोन दिवशी पाच-सात मिनिटं आवाज यायचा, तोही लांबून.

सगळीकडे असं जमत नाही. किल्ल्यावर प्लॅस्टिक गोळा करायला गेलो, तेव्हा पार्किंगमध्ये सहलीची एसी बस चालू उभी. ड्रायव्हर म्हणाला, एसी इंजिनवरच चालतो, बंद केला तर आतली म्हातारी माणसं ओरडतात. याला काय सांगणार? जवळच रस्ता तटाच्या जुन्या दरवाज्यातून जातो. समोरून मोठी गाडी आली की दोन्हीकडे रांगा लागतात आणि शंभर इंजिनं एका जागी घुरघुरतात. तिथे खटका बंद करणारा माणूस विरळाच. जर्मनीत विनाकारण इंजिन चालू ठेवणं हाच गुन्हा आहे.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६ वाचा : सार्वजनिक जागी गाडी उभी करून चालकाच्या सीटवरून उठायचं असेल, तर त्या सीटवर दुसरा लायसन्सवाला हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. म्हणजे गाडी चालू ठेवून पानटपरीवर जाणं बेकायदेशीर आहे! सायलेन्सरला बगल देऊन धूर सोडणाऱ्या गाडीला २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ एफ खाली पहिल्यांदा १००० आणि नंतर २००० रुपये दंड आहे. (होस्टेलखाली 'फटाके' फोडणाऱ्या मित्रांनी नोंद घ्यावी.) ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबल. पण त्या नियमांतल्या तक्रारीसाठी आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल तरी जास्त लागतो, आणि 'ए'ची भानगड वर सांगितलीच आहे. म्हणून माझं मत असं की उभ्या गाडीसाठी डेसिबलच्या मागे लागू नये, १२६ जास्त उपयोगी. तेही चहा पाजून झाल्यावर.

कारण घरचा अनुभव उलटा आहे. बाबा वाळूजला सेकंड शिफ्टला असतात, झोपायला एक वाजतो. शेजारच्या काकांची शाळेची व्हॅन पावणेसहाला चालू होते आणि ते आत पूजेला जातात. पंधरा मिनिटं व्हॅन एकटीच गरम होत राहते. दोन वर्षांपूर्वी बाबा रागाने बाहेर गेले, शब्दाला शब्द वाढला, पोलिसात जाण्याची भाषा झाली. तेव्हापासून आईचं आणि काकूंचं हळदी-कुंकूसुद्धा बंद. शिबिराहून आल्यावर मी काकांकडे गेलो. ते म्हणाले, "आमच्या उस्तादाने शिकवलंय, गरम केल्याशिवाय गाडी काढायची नाही." जुन्या गाड्यांच्या काळातली शिकवण ती. आताचं इंजिन अर्धा-एक मिनिट चालवून हळूहळू काढलं तर उभं राहण्यापेक्षा लवकर गरम होतं. उलट थंड इंजिन उभं ठेवलं की डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते. हे त्यांना फारसं पटलं नाही. मग मी हिशोब मांडला : अशी गाडी उभ्या-उभ्या तासाला अर्धा ते एक लिटर पिते, म्हणजे महिन्याला चार-पाच लिटर नुसतं दारात जातं. हे पटलं! आता पूजा आधी, स्टार्टर नंतर. कडाक्याच्या थंडीत मात्र अजून पाच मिनिटं गरम करतातच. बाबा त्यांच्याशी बोलत नाहीत. काकू संक्रांतीला येऊन गेल्या.

राहिला आपल्या हॉस्टेलचा पाण्याचा टँकर. तो पहाटे साडेपाचला येतो आणि अर्धा तास मागच्या विंगखाली धडधडतो. त्याचं इंजिन बंद करा म्हणण्यात अर्थ नाही, कारण पंप त्यावरच चालतो. बंद केलं तर गच्चीवरच्या टाकीत पाणी चढणार नाही आणि मग सगळेच ओरडतील. पाइप आणखी वीस मीटर लांब घेतला तर टँकर वर्कशॉपच्या भिंतीआड उभा राहू शकतो आणि वेळ सातची करता येईल का हेही विचारायचं आहे. टँकरच्या मामांची दोन्हीला हरकत नाही, मी बोललोय. रेक्टर सरांसाठी अर्ज लिहून ठेवला आहे, रूम नं. ११४ मध्ये. सह्या अजून एकोणीसच आहेत.